खुर्चीवरचा कागद

हे गेले, वन्सं गेल्या. माझा राग काही गेला नाही. यांचं काम सांडपाण्याच्या प्लांटवर गाळ वाळवण्याचं. घरी आल्यावर नखंसुद्धा ब्रशनं घासत, तरी वन्सं सख्ख्या भावाला बसवण्याआधी खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरत. गुलाबांच्या खताला त्याच गाळाचं पोतं मात्र हक्कानं मागत. एकदा प्रदर्शनात त्यांच्या गुलाबाला पहिलं बक्षीस मिळालं, वन्संचं घर पाहुण्यांनी भरलं. हे नवा शर्ट घालून आलेले. "थांब रे, कागद घालते," वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या. हे कसनुसं हसले. वन्संना कुणीतरी विचारलं, "खत कुठलं हो?" "नर्सरीतलं. महाग पडतं बाई!" माझं डोकंच फिरलं. बक्षिसाची कुंडी उचलून मी त्या कागदावर दाणकन ठेवली. "वन्सं, कागद हिच्याखाली हवा. गाळ हिच्यात आहे. हे आंघोळ करून आलेत!" मग हे सोफ्यावर बसले, त्या घरात पहिल्यांदाच पाठ टेकून.