गावकऱ्याचा आवाज

रविवारी दुपारपर्यंत ग्रुपवर ठरून गेलं, की तो आवाज मराठी नाही.

कॉम्प्युटर गेमच्या गुरुवारच्या अपडेटबरोबर, कंपनीतल्या कोणाच्या तरी चुकीने, चार सेकंदांची एक आवाजाची फाईल बाहेर आली होती. खेळ जुन्या राज्यांचा. गावं वसवायची, किल्ले बांधायचे, गलबतं सोडायची, आणि हे सगळं खुर्चीत बसून, उंटावरून शेळ्या हाकत. त्यात गावकऱ्यावर क्लिक केलं की तो आपल्या भाषेत ओ देतो. म्हणजे नवा आवाज आला तर नवं राज्य येणार, एवढं उघड होतं. कोणतं, ते कंपनी सांगत नव्हती. आतापर्यंत नव्या राज्यांची तीन एक्स्पान्शन आली आणि तिन्ही खेपांना मराठ्यांची वाट बघून ग्रुप तोंडघशी पडला. तरी बाजारात तुरी, आणि इथे तीन दिवस हाणामाऱ्या. आरमार मिळणार का, पावसाळ्यात गलबतं बुडणार का.

पुण्याच्या सर्वेशने फाईल पन्नास वेळा ऐकून निकाल दिला होता. 'हे मराठी नाही. असं मराठी कोणी बोलत नाही. सिंहली असेल, नाहीतर मशीनने बनवलंय.' खाली एकशे बारा अंगठे.

मनस्वी आठवडाभर झेरॉक्सच्या दुकानात उभी असायची, त्यामुळे ती फाईल आज पहिल्यांदा ऐकत होती. रत्नागिरीत, कुवारबावला, भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. उंबऱ्याशी तिची आई तुळसा सुपात सुकट निवडत होती. काजूच्या कारखान्याला आज सुट्टी होती; बोटं मात्र सालींच्या तेलाने काळी ती काळीच.

इअरफोनमध्ये आधी कोणीतरी घसा खाकरला. मग शब्द एकमेकांत गिळत म्हणाला, "येतंय, येतंय. वाईच दम धरा."

मनस्वीने फाईल मागे नेऊन परत लावली. हे खाकरणं तिच्या ओळखीचं होतं. शब्दही, येतोयच्या जागी येतंय, जराच्या जागी वाईच. दर गणपतीच्या आधी मुंबईहून फोनवर हेच यायचं. तिचा बाप केरू गोरेगावला एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या गेटवर वॉचमन होता. तो घरी आला नाही त्याला अकरा गणपती झाले. शेवटच्या पाच-सहा गणपतींना तर फोनसुद्धा नाही. तिकडे त्याने दुसरं बिऱ्हाड केल्याचं गावाने कळवलं होतं, आणि गाव अशा कामात चुकत नाही. स्टुडिओवाल्यांना खेड्यातला खरा आवाज हवा असणार, गेटवरच मिळाला.

आधी तिला आनंद झाला. आनंद झाला याचीच मग चीड आली. तरी तिने ग्रुपवर लिहिलं, 'मराठीच आहे. आमच्या रत्नागिरीकडे असंच बोलतात.'

सर्वेशचं उत्तर तयारच होतं. 'पुरावा?'

'हा माझा बाप आहे,' तिने टाइप केलं. पाठवण्याआधी आणखी एकदा ऐकावं म्हणून फाईलकडे वळली, तर घाईत इअरफोनची पिन निसटली. आवाज खोलीभर झाला.

"येतंय, येतंय. वाईच दम धरा."

तुळसाने सूप खाली ठेवलं. लुगड्याला हात पुसले, उठली, आणि पदर खांद्यावर नीट घेत लॅपटॉपसमोर येऊन बसली.

"बोला," ती म्हणाली. "ऐकतंय मी."

चार सेकंद संपले होते.

"बोला की. कुठनं बोलताव?" तिने मनस्वीकडे पाहिलं. "कट झाला गो. परत लाव."

"आई, फोन न्हाय तो." सांगताना मनस्वीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गेम हाय. त्यात गावकरी आसतो, त्येला बाबांचा आवाज लावलाय."

तुळसा पडद्याकडे वाकली. "काय करतो त्यो गावकरी?"

"आपण सांगू ते. लाकडं तोडतो, शेत करतो, घर बांधतो."

"घर बांधतो?"

"व्हय."

"आन हाक मारली की येतो?"

"लगेच."

तुळसा हसली. ते हसू मनस्वीला बघवलं नाही.

"कुठं दाबायचं?" आईने विचारलं.

मनस्वीने दाखवलं. काळं बोट बटणावर टेकलं. केरू खाकरला, येतंय म्हणाला. तिने परत दाबलं. परत. प्रत्येक वेळी तो तेवढ्याच तत्परतेने येतंय म्हणाला, जराही आवाज न चढवता, जराही न कंटाळता. सहा वेळा झाल्यावर तिने बोट उचललं.

"पुरं," ती उठत म्हणाली. "ह्या कोनाला सांगितलंस काय?"

"अजून न्हाय."

"नको सांगूस. लोकं इचारतील, घरी कवा आल्ता."

ती जाऊन पुन्हा सुपाशी बसली आणि सुकटीतला कचरा वेचू लागली.

'हा माझा बाप आहे' अजून चौकटीत तसंच होतं. मनस्वीने ते मागून एकेक अक्षर करत पुसलं आणि लिहिलं, 'पुरावा नाही. माझी चूक झाली.'

सर्वेशने मोठ्या मनाने माफ केलं. मग सगळ्यांसाठी लिहिलं, 'ठरलं तर. याही खेपेला आपलं कोणी येत नाही.'

धडाधड अंगठे पडू लागले. मनस्वीनेही आपला एक दिला.