बिनआवाजाचे पंखे

आयुषने कॉम्प्युटरच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढला, तसा आतून धुळीचा पुंजका खाली पडला. जुने पंखे काळवंडले होते. वायरींचा गुंता त्यांच्या तोंडाशीच लोंबत होता. हवेला आत शिरायला वाट नव्हती, म्हणून ते दिवसभर घरघरत.

पलीकडच्या खोलीत त्याची आई, सुभद्राबाई, बसली होती. काचबिंदूने तिची नजर गेली त्याला आता बराच काळ झाला होता. पण मनगटावरची पट्टी नवी होती. त्या पट्टीकडे बघणं आयुष टाळत होता.

प्रताप नगरातल्या त्या घरात दोघंच राहत. आयुष लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग घरूनच करायचा. "आईले एकटं नको सोडू," असं त्याची बहीण वैभवी पुण्याहून दर फोनला बजावायची. तो हो म्हणायचा. पण दिवसभर त्या भिंतींमध्ये त्याचा जीव गुदमरायचा. मग त्याने एक युक्ती काढली. एखादा लांबलचक व्हिडिओ तयार व्हायला लावून द्यायचा. मशीन तापायचं आणि पंखे गर्जायला लागायचे. कूलर दिवाळीआधीच गुंडाळून ठेवला होता, त्यामुळे घरात दुसरा आवाज नसायचा. आईला वाटेल, पोरगा कामात आहे. आयुष दार हळूच ओढून घ्यायचा आणि मित्रांसोबत चहा प्यायला निघून जायचा.

मागच्या आठवड्यात तो असाच परत आला, तर आई मोरीत बादलीत हात बुडवून बसली होती. उकळतं दूध उतरवताना भांडं कलंडलं होतं.

"हाक मारायची ना, आई! मी इथंच काम करून राहिलो होतो."

"म्हणून तर नाही मारली," ती म्हणाली.

तेवढंच. आयुषने तिच्या हाताला मलम लावलं. तिने हात मुकाट्याने पुढे केला, आणि त्याला मान वर करवेना. त्या दिवसापासून मशीन सुरू केलं की ती घरघर त्याला आपलाच खोटेपणा वाटायची.

शेवटी तो सीताबर्डीला गेला. ओळखीच्या दुकानातल्या अमोलने त्याच्यासमोर रंगीत दिवे लागणारे पंखे मांडले.

"दिवे नको," आयुष म्हणाला. "आवाज सगळ्यात कमी कोणाचा?"

"मग मोठ्या पात्याचे घे. हळू फिरतात, पण हवा भरपूर फेकतात. चालू आहे का बंद, कानाले समजत नाही."

"तेच दे."

आता त्याने जुने पंखे उतरवले. नव्यांवरचे बाण बघून पुढचे हवा आत ओढतील आणि मागचा बाहेर टाकेल असे बसवले. मग वायरी हातात घेतल्या. एकेक सुटी केली, मागच्या पत्र्याआड नेली, पट्ट्यांनी बांधली. कितीतरी वेळ तो तेच करत राहिला. इतकं मन लावून त्याने बऱ्याच दिवसांत काही केलं नव्हतं. डबा आतून मोकळा दिसू लागला, तसं त्यालाही जरा हलकं वाटलं. आता आईचा नुसता उसासाही ऐकू येईल. आणि फसवायचं म्हटलं तरी फसवता येणार नाही.

त्याने बटण दाबलं. पंखे फिरू लागले. हवा लागते का, हे समोर हात धरून बघावं लागलं, इतकी शांतता.

"आयुष?" भिंत चाचपत आई दारात आली. "मशीन बिघडली का रे?"

"नाही. नवीन पंखे लावले. आता तू हळू जरी बोलली तरी मले ऐकू येईल." तो उठून उभा राहिला. "आई, त्या दिवशी मी घरी नव्हतोच."

"माहीत आहे मले."

"कसं?"

"तू उंबरा ओलांडला का मले समजते. पहिल्या दिवसापासून समजते."

"मग बोलली काहून नाही?"

"जवान पोरगा तू. किती कोंडून घेशील स्वतःले?" आईने हात पुढे केला, डब्यावर ठेवला, आणि ऐकू येतं का म्हणून कान तिकडे केला. काहीच आलं नाही. "तू गेल्यावर हा घरघरत राहे ना, तर कोणी आहे असं वाटे मले." तिने डब्यावरून हात फिरवला आणि तोंड आयुषकडे वळवलं.

"आता तू गेल्यावर घरात कोण राहीन, बाबू?"