चौथ्या मजल्यावरची खिडकी

मंगळवारी माझी बायको रोझलिन गेल्याचं हॉस्पिटलातून कळलं. रविवारी मी पॅसिफिक हाइट्समधली विकाऊ घरं बघायला गेलो. परवडण्यासारखं तिथं काहीच नव्हतं, तरी आम्ही दर रविवारी जायचो. गुडघ्यांमुळे ती खाली बसायची आणि मला वर पाठवायची. "नीट बघून ये. मागच्या खेपेला न्हाणीघराला खिडकी होती का, तेही सांगता आलं नाही तुला."

एजंटबाईंनी सवयीने दाराशी खुर्ची मांडली होती. "मॅडम मागून येतायत ना?"

मी चौथ्या मजल्यावर गेलो. न्हाणीघराची खिडकी जमिनीपासून छतापर्यंत होती. मी रिकाम्या टबात बसलो. अख्खी खाडी समोर होती, लाल पूल होता, त्याच्याकडे निघालेलं जहाज होतं. ते पुलाखालून पार होईपर्यंत मी हललो नाही.

खाली आलो. खुर्ची रिकामी होती. त्या खिडकीचं सांगायचं राहिलं आहे.