घरची गाडी

सुज्ञ वाचकहो, एका मोटारीचा पट्टा तुटला असता भाऊ आणि बहीण यांच्यात जे घडले, ते येथे यथातथ्य सादर करीत आहे. ते शांत चित्ताने वाचावे, कारण त्या दिवशी तेथे कोणाचेही चित्त शांत नव्हते.

“भंगारात घाल हा डबा!”

मेकॅनिकने हातातील पाना फरशीवर आपटला. आपापल्या गाड्यांसाठी थांबलेली दोन गिऱ्हाइके दचकून उभी राहिली. बॉनेट उघडे होते आणि टायमिंग बेल्टच्या चिंध्या त्याच्या मुठीतून लोंबत होत्या. चालत्या इंजिनात तो पट्टा तुटला होता. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले होते.

समोर त्याची धाकटी बहीण उभी होती. ती बायकांना गाडी चालवायला शिकवीत असे. हीच गाडी तिचा वर्ग आणि हीच तिची रोजीरोटी. भर चौकात गाडी बंद पडल्यावर तिच्या तीन विद्यार्थिनींनी ती येथवर ढकलीत आणली होती. त्या दाराशी घाम पुसत होत्या.

“आज क्लच नाही, ब्रेक नाही, नुसतं ढकलायचं शिकलो बाई,” त्यांतील एक स्थूल काकू म्हणाल्या. कोणी हसले नाही.

“पट्टा म्हातारा झालाय हे कळत नव्हतं तुला? जगाला शिकवतेस ना?” मेकॅनिक गरजला. “चौकातले लोक काय म्हणतील? मेकॅनिकच्या बहिणीचीच गाडी रस्त्यात मेली!”

“दादा, मी तुला सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतंस? नवीन पट्टा आण म्हटलं होतं मी. आणलास? नुसती तोंडाची वाफ!”

त्याच्या संतापाची मुळे खोल होती. वडिलांपासून या गॅरेजाचा एक दंडक होता: गिऱ्हाईक आधी, घरचे नंतर. तो त्याने व्रतासारखा पाळला होता. परक्याचे काम त्याच्याकडे कधी रखडले नाही आणि त्याचा त्याला विलक्षण अभिमान होता. बहीण आली की तो हसून म्हणे, “तुझं काय गं, तू घरचीच. येत्या रविवारी बघू.” रविवार उजाडे आणि कोणाची तरी निकडीची गाडी दारात उभी असे.

“इंजिनचं हेड उघडा, व्हॉल्व्ह बदला, एवढं करण्याइतका जीव उरलेला नाही हिच्यात,” तो म्हणाला. “विकून टाक आणि गप घरी बस. नवरा कमावतोय ना?”

‘घरी बस’ हे शब्द ऐकताच बहिणीचा चेहरा लाल झाला. ती तडक आतल्या फळीकडे गेली. तेथे आईचा बंद पडलेला मिक्सर होता, वहिनीची इस्त्री होती, त्याच्या स्वतःच्या मोटारसायकलचा आरसा होता. त्या सर्वांखालून तिने एक खोका ओढून काढला. त्यावर बोटभर धूळ होती. सील जसेच्या तसे होते.

तिने तो त्याच्या छातीवर टेकवला.

“मागच्या उन्हाळ्यातच आणून दिला. तूच म्हणालास, ठेव तिकडे, घरच्या सामानात.”

मेकॅनिकला आठवले. त्याचे कान तापले. क्रोध तर अजून अंगात उसळत होता, परंतु तो आता कोणावर काढावा हे त्याला उमजेना.

“बरं, बरं!” तो ओरडलाच. “आत्ताच्या आत्ता हेड उघडतो. एक पैसा घेणार नाही. झालं समाधान?”

“अहो, पण माझी गाडी आज देणार होतात ना?” एका गिऱ्हाइकाने विचारले.

“देणार म्हणजे देणार! तुमची आधी, मग हिची.” त्याने पाना उचलला. “हिचं काय, घरचीच आहे.”

बहिणीने बॉनेट धाडकन खाली आपटले.

“काकू, लावा हात. गाडी दुरुस्त करायची, पण समोरच्या गॅरेजात.”

“वेड लागलंय का तुला?” मेकॅनिक दारापर्यंत धावत आला. “तो परका माणूस! सोलून काढेल तुला!”

“काढू दे,” चाक वळवीत ती म्हणाली. “तिथं मी कुणाची बहीण नाही.”

आपला अमूल्य वेळ खर्चून ही हकीकत शेवटपर्यंत वाचणाऱ्या प्रत्येकाचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
तात्या टर्नर