विझलेली कुपी
"विझलं की निर्धास्त होऊ नकोस, धाव," प्रयोगशाळेतल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अतिनील दिव्याखाली हिरवं चमकणारं आमचं द्रावण पाण्यात शिसं असलं की विझायचं. तरी मी विझलेल्या कुपीवर 'पाणी शुद्ध' लिहून मोकळी झाले. "बाईसाहेब, उद्या बाळाला हेच पाजाल," त्या म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. पुढे बाळ झालं, नोकरी सुटली, दिवसभर बोलायला कुणी उरलं नाही. समोरच्या इमारतीत मॅडम एकट्याच राहायच्या. संध्याकाळी त्यांच्या खिडकीत दिवा लागला की मला सोबत वाटायची. परवा तो लागला नाही. लेकाकडे गेल्या असतील, म्हटलं. कालही तेच म्हटलं. आज बाळाला कडेवर घेऊन गेले. दार तोडावं लागलं, तोवर उशीर झाला होता. तुमच्या समोरची खिडकी बघा. अंधार असेल, तर आधी दार वाजवून या.