सैल पोनी

मुलगी स्टुलावर बसली आणि केसांना हात लागायच्या आधीच तिने डोळे घट्ट मिटून घेतले. खांदे पार कानापर्यंत. दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी.

"आज कंगवा नाहीये," नवी आई म्हणाली. "हात बघ माझे."

मुलीने एक डोळा उघडला. हात खरंच रिकामे होते. तरी खांदे काही खाली आले नाहीत, कारण हे हात तिला चांगले ठाऊक होते. लग्न होऊन ही बाई घरात आल्यापासून शाळेची पोनी बांधायची म्हटलं की दोघींच्या नाकी नऊ यायचे. मुलीचे केस दाट, कुरळे आणि हट्टी, तिच्या गेलेल्या आईसारखे. नव्या आईचे सरळ, सुळसुळीत. तिला जन्मभर एकच रीत माहीत: कोरडे केस वरून खाली खसाखसा विंचरायचे आणि रबराचे घट्ट वेढे द्यायचे. या केसांत कंगव्याचे दात मोडले.

काल जेवताना मुलीने जाहीर करून टाकलं, मला केस कापायचेत, अगदी बारीक. बाबा म्हणाला, बरं, उद्या संध्याकाळी लवकर येऊन सलूनमध्ये नेतो. बोलताना त्याने ताटातून मान वर केली नाही. ते केस कुणाकडून आलेत हे तिघांनाही माहीत होतं.

नवी आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथली भिंगं घासणारी मैत्रीण कुरळ्या केसांची. गेले काही दिवस दुपारचा डबा झाला की ती मैत्रिणीच्या डोक्यावर शिकत होती. कोरडे विंचरतेस हे ऐकून मैत्रिणीने कपाळाला हात लावला होता. शत्रूचेसुद्धा असे विंचरू नयेत, म्हणाली होती. अजून हात बसला नव्हता, पण आता आजची सकाळ तेवढी उरली होती.

तिने केसांवर पाणी शिंपडलं. तळहातावर कंडिशनर घेऊन टोकांना चोळलं. मग नुसत्या बोटांनी, खालून वर, एकेक गुंता. मानेजवळची एक गाठ काही सुटेना. तिने ओढलं नाही. आणखी थोडं पाणी लावलं आणि वाट पाहिली. बाबा बूट घालून, दप्तर खांद्याला लावून दारात येऊन उभा राहिला. उशीर होतोय म्हणायला त्याने तोंड उघडलं, बायकोचा चेहरा पाहिला आणि शहाण्यासारखं मिटलं.

"कधी सुरू करणार?" मुलीने डोळे मिटूनच विचारलं.

"अगं, संपतसुद्धा आलं की."

मुलीचे खांदे हळूहळू खाली आले. केस मानेपाशी सैल गोळा झाले, त्यावर कापडी रबर बसलं. चापूनचोपून काही नाही. पोनी फुलकोबीच्या गड्ड्यासारखी फुगून बसली. मुलगी आरशापुढे गेली. पोनी दाबून पाहिली. सोडल्यावर ती पुन्हा फुगली. मुलीला हसू आलं, पण ते तिने कुणाला दिसू दिलं नाही.

मग संध्याकाळी लवकर येऊ ना, बाबाने विचारलं. नवी आई घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालत राहिली.

मुलीने स्टूल ओढून पुढे आणलं.

"आता तुम्ही बसा."

ती बसली. ब्लाउजची पाठ भिजेल इतकं पाणी पडलं. मग कंडिशनर. मग छोटी बोटं, खालून वर.

"तुमच्यात गुंताच नाहीये," मुलगी हिरमुसून म्हणाली.

"नीट शोध. असेल एखादा."

बोटांनी बराच वेळ शोधलं. शेवटी रबर चढलं, एकच वेढा. असल्या केसांवर ते दारापर्यंतही टिकायचं नाही हे नव्या आईला कळत होतं. अजून एक वेढा दे, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात मुलगी तिच्या कानाशी वाकली.

"घट्ट नाही बांधत हं. दुखतं."

तिने शब्द गिळले.

अगं, हा काय अवतार, असं बाबा म्हणणार तोच नव्या आईने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"आज सलून नको, बाबा," मुलगी म्हणाली. "उद्या हिचे पुन्हा बांधायचेत मला."

दोघं जिना उतरून रस्त्याला लागली. नवी आई फाटकापर्यंत आली, तोवर रबर निम्मं घसरलं होतं. तिने डावा हात मानेमागे नेऊन ते धरून ठेवलं आणि उजवा हात हलवला.

कोपऱ्यावर मुलीने वळून पाहिलं. क्षणभर तशीच बघत उभी राहिली. मग तिने बाबाचा हात सोडला, डाव्या हाताने मागे आपली पोनी धरली आणि उजव्या हाताने टाटा केला.