पहिला बेल

"बेल उचलून खोटं बोलशील तर हात झडंल, बापू." मायचा चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज गुणवंतरावांना आज मार्कंड्याच्या महादेवाच्या देवळात ऐकू आला.

गावातून पक्षाला मतं निघाली बाराच. पडलेले उमेदवार देवाजीभाऊ गरजले, "आत्ताच चाळीस जणांनं बेल उचलून शपथेवर सांगतलं, 'मत तुमालेच देल्लं.' मंग मशीनच चोर!"

"मागं जिंकलो तवा हेच मशीन सोवळं होतं काय, भाऊ?" पक्षाचीच कार्यकर्ती रंजीता म्हणाली.

"गद्दार! गुणवंतराव, तुमी जुने तालुकाध्यक्ष, आपले माणूस. करा तक्रारीवर सही."

पिंडीवरचे चाळीस बेल अजून हिरवेच होते. गुणवंतरावांचा हात उठेना.

"मशीन खरं आहे, भाऊ. तुमच्या तोंडावर नाई म्हणवलं नाई... पहिला खोटा बेल मीच उचलला."